नदीचे ओझे

मृग नक्षत्राचा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर ठाण मांडून बसला, की गोव्याच्या नद्यांचा रंग पालटू लागतो. मे महिन्याच्या अखेरीस ज्या पाण्यात तळचे गोटे मोजता येत होते, तेच पाणी सांजांवच्या सणापर्यंत, म्हणजे जूनच्या चोविसाव्या तारखेपर्यंत, गेरूसारखे तांबडे होऊन जाते. पाणी खराब झाले, असे त्यावर म्हणण्याची रीत आहे. स्वयंपाकघरातील घागरीच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु नदीच्या दृष्टीने पाहिले तर हा रंग म्हणजे तिच्या कामाची खूण होय. नदी पाणी वाहते त्याप्रमाणेच ती डोंगरही वाहून नेत असते. फक्त एकेक कण करून.

पाणी आणि माती या दोन ओझ्यांचा प्रवास मात्र सारखा नसतो. घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब पुराच्या काळात एकदोन दिवसांत समुद्राला मिळू शकतो. त्याच पावसाने सोडविलेली माती तेवढ्याच वाटेवर कधी एक ऋतू घालविते, तर कधी एक पिढी. ती बसते, पुन्हा उठते, वळणावर विसावते, शेतात शिरते, खाडीत अडते. पाण्याचा पूर ओसरला म्हणजे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मातीचा पूर त्यानंतरही पात्रात चालूच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब मांडावयाचा राहून जातो. नदीकाठच्या गावांना जे सोसावे लागते, त्यातील पुष्कळसे या न मांडलेल्या हिशेबाचे फळ असते.

हा हिशेब समजून घेण्यास म्हापशासारखे दुसरे सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. म्हापसा या नावाची उपपत्ती ‘माप’ या शब्दाशी लावण्यात येते, आणि शुक्रवारच्या बाजारातील तराजू पाहिले म्हणजे ती पटतेही. या गावाच्या उत्तरेला कोलवाळजवळून शापोरा नदी वाहते. दोडामार्ग तालुक्यात तिलाच तिळारी म्हणतात. पेडण्याची व बारदेशाची हद्द आखीत ती मोरजीजवळ समुद्राला मिळते. दक्षिणेच्या अंगाला म्हापशाची स्वतःची नदी आहे. अस्नोडा, मयडे या बाजूंचे प्रवाह पोटात घेऊन ती पणजीसमोर मांडवीला मिळते. आणि पूर्वेला, डिचोली तालुक्यात, साखळीची वाळवंटी व डिचोलीची नदी आपापले पाणी मांडवीच्याच खोऱ्यात आणून सोडतात. वाळवंटीच्या तर नावातच वाळू आहे. साखळीच्या विठ्ठलमंदिराजवळून वाहणाऱ्या या नदीचे नाव उच्चारताना पंढरपूरच्या वाळवंटाची आठवण कोणाही मराठी माणसास व्हावी, यात नवल नाही.

आता नदी माती वाहून नेते म्हणजे नेमके काय करते? एका मोठ्या काचेच्या बरणीत शेतातील ओंजळभर माती घालावी, पाणी ओतावे, जोराने हलवावे आणि बरणी ठेवून द्यावी. जाड रेती हात थांबताक्षणीच तळाला बसते. तिच्यावर बारीक रेती, तिच्यावर मऊ गाळ, असे थर दिसू लागतात. परंतु वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच राहते. या साध्या प्रयोगात नदीचे अर्धे शास्त्र सामावलेले आहे.

जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ साली लहान कण द्रवातून किती वेगाने खाली बसतात याचा नियम मांडला. कणाचा व्यास निम्मा झाला तर त्याचा बसण्याचा वेग निम्मा न होता चौथाई होतो. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास एक मिलिमीटर जाडीच्या रेतीच्या कणाला दहाएक सेकंद पुरतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या बारीक रेतीला सुमारे दोन मिनिटे लागतात. त्याहून पाचपट बारीक अशा गाळाच्या कणाला पाऊण तास लागतो. आणि चिकणमातीचा कण, ज्याची जाडी मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाएवढी असते, तो तेच अंतर उतरावयास तीन दिवस घेतो. एवढ्या अवकाशात वाहत्या पाण्याने त्याला कोठच्या कोठे नेऊन सोडलेले असते.

यावरून नदीच्या ओझ्याचे दोन मुख्य भाग पडतात. गोटे, खडी आणि जाड रेती तळावरून घरंगळत, लहान लहान उड्या मारीत पुढे सरकतात. हे तळचे ओझे. बारीक रेती, गाळ आणि चिकणमाती पाण्यातच लोंबकळत जातात. हे तरते ओझे. तरत्या ओझ्याने पाण्याला रंग येतो, म्हणून ते सर्वांना दिसते. तळचे ओझे कोणाला दिसत नाही. परंतु नदीच्या पात्राचा आकार मुख्यतः तेच ठरविते.

नदीच्या अंगात हे बळ येते ते वेगातून. वेग दुप्पट झाला तर नदीला ढकलता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. ते सुमारे चौसष्ट पट होते. ओढ्याच्या काठी उन्हाळ्यात पडलेली प्रचंड शिळा पावसाळ्यानंतर जागेवर नसली, म्हणजे गावकरी आश्चर्य करतात. त्यामागे भुताटकी नसून हे गणित आहे. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे नदीचे मातीकाम वर्षभर चाललेले दिसत असले, तरी खरे मातीकाम थोड्याशा पुराच्या दिवसांतच उरकले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वीडनमधील ह्युल्स्ट्रॉम या भूगोलज्ञाने १९३५ साली असे दाखवून दिले, की तळाला बसलेली माती पुन्हा उचलण्यास लागणारा वेग कणाच्या जाडीबरोबर सरळ वाढत जात नाही. सर्वांत सहज उचलली जाते ती मध्यम बारीक रेती. चिकणमातीचे कण मात्र एकदा बसून घट्ट झाले, म्हणजे एकमेकांना असे धरून बसतात, की त्यांना हलविण्यास गोट्यांना हलविण्याइतका जोर लागतो. तरंगत राहण्यास जिला जवळजवळ काहीच वेग लागत नाही, तीच माती एकदा स्थिरावली की हटत नाही. शेतात किंवा खाडीच्या कुशीत शिरलेला चिखल पुढच्या पुराने आपोआप धुऊन जाईल, ही आशा बहुधा फोल का ठरते, याचे उत्तर येथे आहे.

पात्राला वळण आले म्हणजे नदी आणखी एक खेळ करते. चहाच्या पेल्यात चमचा फिरविला तर तळची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. विख्यात शास्त्रज्ञ अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९२६ साली एका छोट्या लेखात हीच गोष्ट नदीच्या वळणांना लावून दाखविली. वळणावर वरचे पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते आणि तळचे पाणी आतल्या काठाकडे सरकते. म्हणून बाहेरचा काठ खचतो, तेथील माड कलंडतात. आतल्या काठावर मळई साचते आणि तेथे भाजीचे मळे पिकतात. आइनस्टाइन यांचे चिरंजीव हान्स अल्बर्ट यांनी पुढे नदीच्या गाळाचा अभ्यास हेच आपले जीवितकार्य केले.

डोंगरातून आलेले हे सारे ओझे सरळ समुद्रात जाऊन पडत असते, तर प्रश्न सोपा झाला असता. परंतु गोव्यात नदी आणि समुद्र यांच्यामध्ये खाडी आहे. मांडवीच्या मुखाशी उधाणाची भरती सुमारे सव्वादोन मीटर चढते आणि तिचा परिणाम गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून पन्नासएक किलोमीटर आत, जाणवतो. दिवसातून दोनदा समुद्र नदीला थोपवून धरतो. त्या घटकेला पाण्याचा वेग मंदावतो आणि ओझे खाली उतरू लागते. त्यात खाऱ्या पाण्याची भर पडते. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळण्यासाठी घरोघर तुरटी फिरवीत किंवा निवळीची बी उगाळीत. तुरटीने चिकणमातीचे कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते झटकन तळाला बसतात. समुद्राचे मीठ हेच काम खाडीत करते. जो कण गोड्या पाण्यात तीन दिवस तरंगला असता, तो खाऱ्या पाण्यात पुंजक्यात सापडून काही तासांत बसू शकतो. खाडी म्हणजे अशा रीतीने निसर्गाने बांधलेली एक निवळणीच होय.

खाडीकाठच्या पूर्वजांना ही गोष्ट पुस्तकांवाचून ठाऊक होती. गावकारीने राखलेली खाजणे हे त्या ज्ञानाचे फळ आहे. खाडीतीलच चिखल थापून उभे केलेले बांध, आणि त्यांत बसविलेली मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने मानसेची लाकडी दारे उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. पाणी किती घ्यावे, किती सोडावे, कोणत्या महिन्यात खारे पाणी आत येऊ द्यावे, याचे नियम ठरलेले असत. गाळाचा पातळसा थर हा शत्रू मानला जात नसे. तो शेताचा खुराक होता, बांधाची डागडुजीही त्यातूनच होई. मोजून घेतलेला गाळ म्हणजे खत आणि न मोजता आलेला गाळ म्हणजे संकट, हा विवेक त्या व्यवस्थेत होता.

हाच विवेक १९५५ साली लेन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने तराजूच्या रूपाने मांडला. त्याच्या तराजूच्या एका पारड्यात नदीत येणारा गाळ व त्याच्या कणांची जाडी. दुसऱ्या पारड्यात पाण्याचा प्रवाह व पात्राचा उतार. दोन्ही पारडी समतोल असतील तर नदी आपले पात्र राखते. गाळाचे पारडे जड झाले तर न पेलणारे ओझे नदी वाटेत टाकते आणि तळ वर येतो. पाण्याचे पारडे जड झाले, म्हणजे बळ आहे पण वाहावयास माती नाही अशी अवस्था आली, तर नदी आपलाच तळ आणि आपलेच काठ कुरतडू लागते. माणसाच्या हातून दोन्ही पारड्यांत ढवळाढवळ होते. म्हापशाच्या पूर्वेला पहिली चूक घडली. उत्तरेला दुसरी घडत आहे.

पहिली गोष्ट डिचोलीची. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्यातील लोहखनिजाचा व्यापार वाढला आणि डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील टेकड्या खणल्या जाऊ लागल्या. २०१०-११ या वर्षी गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज परदेशी गेले. खनिज बार्जेसमध्ये भरून मांडवीतून व जुवारीतून मुरगावला जाई, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर. परंतु एक टन खनिज काढावयाचे तर साधारणपणे अडीच ते तीन टन टाकाऊ माती उपसावी लागते, आणि ती बार्जमध्ये जात नाही. ती टेकडीवरच ढिगाऱ्याच्या रूपाने राहते. झाडांची मुळे आणि जांभ्या दगडाचे कवच ज्या मातीला हजारो वर्षे धरून होते, ती माती मोकळी होऊन मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहत पडते.

पुढे काय होते, हे आता सांगावयास नको. लोहखनिजाचा शुद्ध कण पाण्याच्या सुमारे पाचपट जड असतो, साध्या रेतीचा कण पावणेतीन पटीहूनही कमी. म्हणून खनिजाचा जाडसर चुरा लवकर, जवळच्या ओहोळातच बसतो आणि ओहोळाचे तोंड बुजवितो. बारीक माती दूर जाते. ती शेतात पसरते आणि वाळल्यावर फरशीसारखी घट्ट होते. मुळगाव, शिरगाव, पिसुर्ले या गावांतील शेतकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे याच मातीबद्दल होत्या. कसलेल्या शेताची माती बदलली म्हणजे केवळ एका हंगामाचे भात बुडत नाही. त्या शेतावर उभे असलेले घर कोलमडते.

नदीच्या पात्रात हीच माती बसली तर त्याची किंमत अंकांतही सांगता येते. एखाद्या रुंद पात्राची काठापर्यंतची खोली चार मीटर आहे आणि तळ एक मीटरने वर आला, असे धरू या. खोली चौथाईने घटली, म्हणून पाणी वाहून नेण्याची शक्तीही चौथाईने घटेल असे वाटते. प्रत्यक्षात उथळ पाण्याला तळाचे घर्षण अधिक जाणवते, त्यामुळे ती शक्ती सुमारे अडतीस टक्क्यांनी घटते. जो पाऊस पूर्वी पात्रात मावत होता, तोच पाऊस आता बाजारपेठेत शिरतो. साखळीसारख्या गावाला पावसाळ्यात पूरभिंती आणि पाणी उपसणारे पंप यांच्या भरवशावर राहावे लागते, यामागे पाऊस आणि भरती यांच्याबरोबर पात्राची घटलेली खोली हेही एक कारण असू शकते. जुलै २०२१ मध्ये सत्तरी व डिचोली या तालुक्यांत जो पूर आला, त्यात कित्येक कुटुंबांची घरे गेली.

खाणींचे काम २०१२ साली थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते पुन्हा चालू करण्यास मुभा दिली. २०१८ च्या फेब्रुवारीत ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण त्याच न्यायालयाने रद्द केले, आणि मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत खाणकाम परत सुरू झाले. या मधल्या वर्षांत अनेकांना वाटले, की खाण थांबली म्हणजे गाळही थांबला. येथेच पाण्याचा हिशेब आणि मातीचा हिशेब यांत गल्लत होते. याची साक्ष द्यावयास अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे उदाहरण पुरेसे आहे.

तेथे १८५३ पासून सोन्यासाठी डोंगरच्या डोंगर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी फोडण्यात येऊ लागले. सारी माती नद्यांत उतरली. युबा नदीचा तळ इतका वर आला, की मेरीसव्हिल या गावाला भिंतींच्या कुशीत दडून राहावे लागले, आणि १८७५ च्या जानेवारीत ते गाव पुराखाली गेले. शेतकऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली. १८८४ साली न्यायाधीश सॉयर यांनी नद्यांत अशी माती सोडण्यास मनाई केली. खटला संपला, गाळ संपला नाही. पुढे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने लाकडी पाटांतून पाणी आणि रेती सोडून नदीच्या ओझ्याचे नियम शोधले, आणि १९१७ साली त्या नद्यांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. त्या डोंगरांतून सुटलेली माती शंभर कोटी घनमीटरांहून अधिक, म्हणजे पनामा कालव्याच्या खोदाईच्या सुमारे आठपट होती. ती नदीतून एखाद्या लाटेप्रमाणे सावकाश खाली सरकत होती. मनाईला तीस वर्षे लोटली तरी ती लाट पूर्ण ओसरली नव्हती. आणि त्या नद्यांच्या काठी साचलेल्या थरांतून गाळ आजही सुटतो.

डिचोलीच्या नद्या लहान आहेत आणि येथला पाऊस मोठा. तेव्हा दोन ठिकाणचे वर्षांचे आकडे जुळतीलच असे नाही. परंतु तत्त्व एकच. खाण बंद करण्याचा हुकूम एका दिवसात अंमलात येतो. ढिगारा आणि पात्र यांना तो हुकूम वाचता येत नाही. म्हणून खाण चालू असो वा बंद, ढिगाऱ्यांच्या उतारांवर झाडोरा लावणे, पायथ्याशी दगडी आडभिंत घालणे, ओहोळांची तोंडे मोकळी ठेवणे, ही कामे चुकत नाहीत. गाळ अडविण्यासाठी खोदलेल्या खड्ड्यांविषयीही एक सावधगिरी हवी. चिकणमातीला एक मीटर उतरावयास तीन दिवस लागतात, हे वर आलेच आहे. मुसळधार पावसात ज्या खड्ड्यातून पाणी तासाभरात भरून वाहते, तो खड्डा रेती अडवील. चिकणमाती त्याच्यावरून डौलाने निघून जाईल. अशा तळ्याचा उपयोग त्याच्या खोलीपेक्षा त्याच्या पसाऱ्यावर अधिक अवलंबून असतो. खोल पण अरुंद खड्डा पाहून समाधान मानणे, ही स्वतःची फसवणूक होय.

आता उत्तरेकडे, पेडण्याकडे वळावे. येथे चित्र उलटे आहे. तिळारीवर महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांनी मिळून धरण बांधले. त्याचे पाणी शेतीला आणि पिण्याला मिळते, हा लाभ मोठा आहे. परंतु धरण पाणी अडविते तशी मातीही अडविते. घाटातून आलेली खडी आणि रेती जलाशयात पाणी थबकताच बसते आणि दारांतून खाली येते ते निवळलेले पाणी. अशा पाण्याला अभियंते भुकेले पाणी म्हणतात, ते सार्थ आहे. त्याच्या अंगात बळ असते, पाठीवर ओझे नसते. मग ते खालच्या पात्रातून आपले ओझे गोळा करू लागते. खाली मिळणारे ओढे थोडीफार माती पुरवितात, परंतु तूट राहतेच.

त्यात रेतीउपशाची भर पडते. घर बांधावयास रेती लागते, आणि शापोरा व तेरेखोल या नद्यांच्या पात्रांतून ती काढण्याचा धंदा जुना आहे. डुबकी मारून बादलीने रेती वर काढणाऱ्या मजुराचे कष्ट कोणीही हलके लेखू नयेत. परंतु नदी जेवढी रेती वर्षाला आणते त्याहून अधिक उपसली, की खड्डा पडतो. खड्ड्याच्या वरच्या अंगाला उतार वाढतो, वेग वाढतो आणि तळ मागे मागे झिजत जातो. काठांचा पाया सुटतो. तेरेखोलच्या काठी नयबाग, पोरस्कडे या भागांत बेकायदा उपशामुळे काठ खचतात, बागायती पाण्यात जाते, अशा तक्रारी वारंवार झाल्या आहेत. माड लावणारा आणि रेती काढणारा पुष्कळदा एकाच वाड्यावरचे असतात. नदी मात्र दोघांकडून एकच किंमत वसूल करते.

तळ खाली गेला म्हणजे पुराची भीती गेली, असेही नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये अतिवृष्टीच्या वेळी तिळारीतून पाणी सोडण्यात आले, तेव्हा पेडणे, बारदेश व डिचोली तालुक्यांतील इब्रामपूर, हणखणे, साळ, कोलवाळ अशा गावांत पाणी शिरले. खचलेले काठ अशा वेळी सर्वांत आधी ढासळतात. शिवाय नदीची रेती ही केवळ नदीची नसते. मुखाजवळच्या पुळणींना ती नदी, लाटा आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह मिळून पुरवितात. शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीची पुळण आहे. समुद्री कासवे तेथे अंडी घालावयास येतात. डोंगरातून निघालेला रेतीचा कण वाटेत कोठे अडविला, कोठे उपसला, याचा परिणाम शेवटी अशा पुळणीवर उमटल्यावाचून राहत नाही.

या दोहोंच्या मध्ये म्हापसा. गावातील एका भागाला तार म्हणतात. नदी उतरून जाण्याच्या, होड्या लागण्याच्या जागेचे हे नाव आहे. एकेकाळी माल भरलेल्या होड्या तेथवर येत. आज त्या पाण्यात होडी घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तेथील ओझे खाणीचे नाही. ते घरांचे आहे. डोंगरउताराची कापणी, बांधकामाचा राडारोडा, गटारांचा मळ आणि प्लॅस्टिक यांनी प्रवाहाची वाट अरुंद होते, वेग मंदावतो, आणि मंद पाण्यात गाळ अधिक बसतो. डोंगरकापणीवर कायद्याने बंधन आहे. तथापि पहिल्या पावसात रस्त्यावर येणारी तांबडी माती त्या बंधनाची खरी स्थिती दरवर्षी सांगून जाते. पावसाळ्यापूर्वी नाल्यातील गाळ काढून काठावरच ढीग घालण्याची प्रथा तर अगदीच नवलाची. पहिल्या दोन जोरदार सरींत तोच गाळ पुन्हा नाल्यात उतरतो, आणि पुढच्या वर्षी त्याच गाळाला पुन्हा मजुरी द्यावी लागते.

मग करावयाचे काय? पहिली गरज मापाची आहे. नदीत पाणी किती, हे ठिकठिकाणी मोजले जाते. गाळ किती, तळ कोठे चढला, कोठे उतरला, याची मोजणीही तितक्याच नियमाने व्हावयास हवी. साधने दूर नाहीत. दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेले जलसंशोधन केंद्र आहे, जेथे नद्यांचे लहान नमुने बांधून त्यांत पाणी सोडून पाहतात. शाळांनाही यात वाटा उचलता येईल. पुलाच्या खांबावर ठरलेली खूण, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दोरीला वजन बांधून घेतलेली खोली, आणि बरणीत निवळत ठेवलेले पाणी, एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी आपल्या गावच्या नदीची वही ठेवू शकतील. दहा वर्षांची अशी वही असली, म्हणजे पूर का आला याविषयीचा वाद अंदाजावर चालणार नाही.

दुसरी गरज माती जेथल्या तेथे धरून ठेवण्याची. सुटलेली माती पात्रातून काढण्यापेक्षा उतारावर राखणे केव्हाही स्वस्त पडते. तिसरी गोष्ट बांध आणि मानस यांची. खाजणाचा एक बांध फुटला म्हणजे एका शेताचे नुकसान होऊन भागत नाही. खाडीच्या पाण्याची ये-जा बदलते आणि गाळ बसण्याच्या जागाही बदलतात. चौथी गोष्ट रेतीची. नदी जेवढे व्याज देते तेवढेच घ्यावे, मुद्दलाला हात लावू नये, हा व्यवहार बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला समजतो; नदीकाठी तो विसरण्याचे कारण नाही.

म्हापशाच्या बाजारात तराजूची दांडी कोणाकडे झुकते यावर गिऱ्हाइकाची बारीक नजर असते. पाच ग्रॅमांसाठी तेथे हुज्जत होते, आणि ती योग्यही असते. डिचोलीच्या पात्रात किती माती पडली आणि पेडण्याच्या पात्रातून किती निघाली, यासाठी मात्र अशी हुज्जत फारशी कोणी घालीत नाही. पाण्याचा हिशेब नदी चार महिन्यांत चुकता करते. मातीचा हिशेब ती मुलांच्या आणि नातवंडांच्या नावे लिहून ठेवते, आणि त्यांनी ती माती पाहिलेलीही नसते.